किरकोळ कुटकुट

गाडी घेताना तिच्या आधीच्या मालकांनी एकच गोष्ट सांगितली होती, "मागे उजवीकडून जरा कुटकुट येते, बाकी काही नाही, किरकोळ आहे." हे सांगताना ते माझ्याकडे नाही, टायरकडे बघत होते. मला वाटलं गृहस्थांचा जीव गाडीत अडकलाय, सोडवत नाहीये बिचाऱ्यांना. मी त्यांच्या खांद्यावर हात बित ठेवला होता. आता आठवलं की हात झोंबतो.

गाडी म्हणजे १९९० ची माझदा एमएक्स-५, जिला अर्धं जग मियाटा म्हणतं. ही जात फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. हे मी बायकोला अभिमानाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जगात दहा लाख लोकांना कुठेच सामान घेऊन जायचं नसतं." दोन सीट, कापडी टप, झाकण उघडून बाहेर येणारे बेडकासारखे दिवे आणि वजन टनाच्या आत. गाडी एवढी बुटकी की सिग्नलला शेजारी रिक्षा उभी राहिली तरी मान वर करून बघावं लागतं.

आणि चारही चाकांना डबल विशबोन. म्हणजे काय, तर प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी गाडीला धरलेलं, आणि त्या आर्मच्या प्रत्येक सांध्यात रबराचा बुश. साध्या भाषेत गाडीचे गुडघे आणि घोटे. पस्तीस वर्षांत रबर आधी कडक होतं, मग तडकतं, मग सांधा वाजायला लागतो. माझेही वाजतात, पण मी बोल्टने जोडलेला नाही एवढंच.

तर ठरवलं, मागचे सगळे बुश, दोन्ही शॉकॲब्झॉर्बर, बंप स्टॉप, सगळं बदलायचं. घरीच. बायको म्हणाली, "अरे, गॅरेजला दे ना." मी म्हटलं, "गॅरेजवाला असं काय करणार जे मला जमणार नाही?" या प्रश्नाचं सविस्तर उत्तर मला पुढच्या तीन शनिवार-रविवारांत मिळालं.

पहिला धडा तर गाडी उचलतानाच. मी सवयीने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, आता गाडी काय हलतेय म्हणून मागून जॅक लावला. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. काका रिटायर्ड गणिताचे सर, कधी कशाला हात लावत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात आणि ते जास्त लागतं. म्हणाले, "हँडब्रेक कुठल्या चाकांना असतो हो?" मी म्हटलं, "मागच्या." "आणि गिअर?" "मागच्याच, इंजिन मागची चाकं फिरवतं ना." "आणि उचलताय कुठली?" मी गप जाऊन पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. मग जॅकस्टँड, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणारा माणूस शूर नसतो, त्याचा फक्त हिशोब व्हायचा बाकी असतो. हे वाक्यही काकांचंच.

सुरुवात इतकी छान झाली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. डिक्कीतला गालिचा काढला, शॉकॲब्झॉर्बरचे वरचे दोन नट सुटले, खालचा बोल्ट सुटला, स्प्रिंगसकट अख्खा शॉक हातात आला. बंप स्टॉप म्हणून जो फोमचा तुकडा असतो त्याला बोट लावलं तर त्याचा भुगा झाला, म्हणजे इतकी वर्षं ही गाडी खड्ड्यात आपटली की एका आठवणीवर आपटत होती. स्प्रिंग दाबायचं काम मात्र मी चेष्टेवारी नेलं नाही. दोन बाजूंना दोन क्लॅम्प, इकडे एक फेरा तिकडे एक फेरा, तोंड बाजूला, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती मराठीत काही बोलत नाही, थेट दात नेते. बायकोला टॉर्च धरायला बोलावलं होतं, तिला म्हटलं तू लांब उभी राहा, ती इतकी लांब गेली की टॉर्चसकट घरात.

दुपारी दोनला मी "झालंच" म्हटलं. बायकोने भिंतीवर पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. मी विचारलं हे काय. म्हणाली, "काही नाही, मोजतेय."

आता तो बोल्ट.

मागच्या चाकाचा हब ज्या लोखंडी तुकड्यात बसतो त्याला नकल म्हणतात, आणि ती नकल खालच्या आर्मला एका लांब, आरपार जाणाऱ्या बोल्टने जोडलेली असते. लांब म्हणजे चांगला वीतभर. बुशच्या आत एक लोखंडी नळी, नळीच्या आत हा बोल्ट, आणि त्या दोघांच्या मध्ये पस्तीस वर्षांचं पाणी, चिखल, मीठ. गाडी बिचारीचा यात काही दोष नाही, कोणालाही इतकी वर्षं एका नळीत कोंडलं तर तो भिंतीला चिकटणारच. मी बघितलं तर बोल्टच्या डोक्याचे सहापैकी दोन कोपरे गोल झालेले, आणि कडेला दात उमटल्यासारखे बारीक वण. मला वाटलं गंज. गंज असाच खातो म्हटलं.

नट लगेच निघाला. मग मी बोल्टच्या डोक्याला सॉकेट लावून जोर दिला आणि काय सांगू, फिरला! पाव फेरा फिरला! मी गाडीखालूनच ओरडलो, "झालंच!" घरातून पेन्सिलीचा आवाज आला. मग मी हात सैल सोडला आणि बोल्ट सावकाश, काही घाई नाही अशा थाटात, पाव फेरा परत आला. परत फिरवला, परत आला. कारण बोल्ट नळीत सुटलाच नव्हता, तो नळीला घेऊन फिरत होता, नळी रबराला पिळत होती आणि रबर सगळ्यांना घरी परत आणत होतं. समोर "हो हो, करतो ना" म्हणायचं आणि पाठ वळली की पूर्वपदावर, अशी माणसं ऑफिसात बघितली होती, बोल्ट पहिल्यांदा बघितला.

मग तेल. गंज सोडवायचं तेल सकाळी, दुपारी, रात्री झोपताना. आठवडाभर ऑफिसला जाण्याआधी मी पायजम्यात गाडीखाली जाऊन दोन फवारे मारून यायचो. बोल्ट तसाच. फक्त एक झालं, ज्यावर चाकाचा कोन ठरतो त्या आतल्या बाजूच्या कॅम बोल्टवर मी खडूने खुणा केल्या होत्या, त्या ओघळलेल्या तेलात स्वच्छ धुऊन गेल्या. नेलपॉलिशने करायच्या असतात हे मला माहीत होतं, पण नेलपॉलिश मागायला गेलो असतो तर कशाला हवंय ते सांगावं लागलं असतं.

दुसरा शनिवार हातोडीचा. इथे मी जे केलं ते आयुष्यात कोणी करू नये. बोल्टच्या आट्यांच्या टोकावर नट परत चढवून मग ठोकायचं असतं, म्हणजे आटे वाचतात. मी तसाच ठोकला. वीस-पंचवीस घावांनंतर बघतो तर बोल्ट तसूभर हलला नव्हता पण त्याचं टोक अळंबीसारखं पसरलं होतं. म्हणजे आता समजा तो चमत्काराने सुटला असता तरी त्या भोकातून बाहेर येऊ शकत नव्हता. मी त्याला आतून कडी लावून दिली होती.

काका म्हणाले, "लीव्हर लावा की." मी पान्याच्या दांड्यावर मीटरभर पाइप चढवला. काकांनी विचारलं वजन किती तुमचं, मी म्हटलं ऐंशी. डोळे मिटून म्हणाले, "मीटरभरावर ऐंशी किलो, म्हणजे साधारण ८०० न्यूटन मीटर. काहीतरी सुटेल नक्की, काय ते सांगता येत नाही." मी पाइपवर भार टाकला. आधी करकर, मग एक ओला असा फाटल्याचा आवाज, आणि बोल्ट गरागरा फिरायला लागला! मी पाइपसकट खाली आलो पण आनंदात. झालंच! आत रेघ.

बाहेर मात्र बोल्ट काही येईना. फिरतोय फिरतोय, जन्मभर फिरव, पण एक मिलिमीटर सरकत नाही. सुटलं होतं ते बुशचं रबर. आधी निदान रबराचा विरोध तरी होता, आता बोल्ट नळीला कवटाळून मोकळा गोल फिरत होता, मेरी-गो-राउंडवर बसल्यासारखा. काका म्हणाले, "मी म्हटलं होतं काय ते सांगता येत नाही."

गॅसच्या बत्तीने तापवायचा विचार मनात आला. या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, म्हणजे मागच्या चाकांच्या अगदी जवळ. मी बत्ती हातात घेतली तशी बायको दारात आली, काही बोलली नाही, फक्त हात पुढे केला. मी बत्ती तिच्या हातात दिली. आमच्या लग्नातला हा सगळ्यात कमी शब्दांचा वाद.

तिसऱ्या शनिवारी मी हॅक्सॉचं नुसतं पातं चिंध्यांत गुंडाळून हातात धरलं आणि बुश आणि आर्मच्या मधल्या फटीत घातलं. फट पात्याएवढीच. पाठीवर पडून, नाकावर गंज पडतोय, एका वेळी दोन बोटांची हालचाल, खर्र खर्र. पाच पाती गेली. दुसऱ्या बाजूलाही तेच. संध्याकाळी साडेसहाला पातं एकदम सैल झालं आणि नकल दोन इंच खाली लोंबली. मी "झालंच" म्हटलं नाही. गाडीखाली तसाच पडून राहिलो. बायकोने विचारलं, "अरे, आहेस ना?"

नवीन बुश बसवायला रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते, बाहेरचं लोखंड थंडीने किंचित आकसतं म्हणून. बर्फाच्या ट्रेशेजारी बुशची पिशवी बघून घरात जे बोललं गेलं ते लिहीत नाही. व्हाइसमध्ये धरून, मोठ्या सॉकेटने दाबून बसले. नवा बोल्ट, त्याला भरपूर ग्रीस. मग मी उत्साहात सगळे नट टॉर्क रेंचने टिक टिक करून आवळले आणि हात पुसताना आठवलं की रबरी बुश गाडी हवेत असताना आवळायचे नसतात. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेलं असतं, चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आली की ते जन्मभर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे मी वाचलं होतं. वाचलेलं सगळं वेळेवर आठवायला लागलं तर मग काय पाहिजे होतं. सगळे सैल केले, चाकांखाली ठोकळे घालून गाडी तिच्या वजनावर बसवली आणि खाली सरपटत जाऊन परत आवळले.

आता डावी बाजू. रविवारची सकाळ. मी युद्धाची तयारी करून गेलो, सात नवी पाती, तेलाचा नवा डबा, पाइप, गुडघ्याखाली उशी. बायकोने पेन्सिलीला टोक केलं होतं. नट काढला. सवयीने हातोडी उचलली, आणि सहज म्हणून आधी बोटाने ढकललं.

बोल्ट सुळकन बाहेर आला. हातात. पूर्ण. त्यावर तांब्याच्या रंगाचं ग्रीस अजून चमकत होतं. टॉर्च मारून बघितलं तर बुशचं रबर काळंभोर, मऊ, एक तडा नाही. कोणीतरी ही बाजू आधीच केली होती, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली केली होती.

मी तिथेच बसलो. मग उठून कचऱ्याच्या डब्यातून उजवीकडच्या बोल्टचं कापलेलं डोकं शोधून काढलं, चिंधीने पुसलं आणि उजेडात धरलं. ते गोल झालेले कोपरे, ते दात. गंजाला दात नसतात. ते पाइप पान्याचे होते, नळवाल्यांकडे असतो त्या दातेरी पान्याचे.

फोन लावला. दोन रिंग झाल्या. मी बोलायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, किरकोळ या शब्दापासून सुरुवात करणार होतो. त्यांनी उचलला, माझं नाव ऐकलं, आणि मला तोंडही उघडू न देता खालच्या आवाजात विचारलं, "उजवीकडचा निघाला का हो?"

मी म्हटलं, "निघाला."

बराच वेळ काही आवाज नाही.

"कसा?"

"कापून."

"मला तेच म्हणत होती ही," ते म्हणाले. "थांबा हं जरा, तिला फोनवर देतो, तुम्हीच सांगा."