नागिणीचा विळखा आणि हातचे गेलेले तीन दिवस

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मोबाइलवर सध्या नागीण या फोडांच्या आजाराबद्दल एक संदेश फिरतोय: 'नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो. तीन दिवस गेरूचा लेप लावून उतरवून घ्या. गोळ्यांनी नागीण आत दबते. रुग्णाला कुणी शिवू नये.'

विळख्याची भीती नावातच आहे. कन्नडमध्येही हिला 'सर्पसुत्तु', सापाचा वेढा, म्हणतात. प्रत्यक्षात हा कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत पडून राहतो आणि उतारवयात, मधुमेहात किंवा केमोथेरपीत प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तंतू शरीराच्या मध्यरेषेशी संपतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो, विळखा सहसा पुरा होत नाही. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड आले तर मात्र लगेच इस्पितळ गाठा. तिथे धोका असतो तो ढासळलेल्या प्रतिकारशक्तीचा.

खरं नुकसान 'तीन दिवस थांबा' यात आहे. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोगी पडतात, आणि लेपात नेमका तोच वेळ जातो. नेहमीचा डोस: अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम ३ वेळा, ७ दिवस. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डोस कमी करावा लागतो, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. ७२ तास उलटले आणि नवे फोड येतच असले, तरी डॉक्टरांकडे जावंच.

उतरवून बरं वाटतं, कारण फोड ७ ते १० दिवसांत आपोआपच खपली धरतात. श्रेय मांत्रिकाला! गेरू मात्र फुटलेल्या फोडांत गेला तर ते पू धरू शकतात. साबण-पाण्याने हलकं धुवा, कॅलामाइन लावा, सैल सुती कपडे घाला.

गोळ्यांनी काही दबत नाही. विषाणूची वाढ थांबते. मागे उरते ती कळ, कधी ३ महिन्यांहून जास्त. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. तिला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन लागतं. यांनी गुंगी येते, तोल जातो. म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना जपा.

शिवाशिवीचं अर्धं खरं. फोडांतला द्रव लागला तर कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नव्हे. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून लांब राहा.

संदेशात डोळ्याचा उल्लेखच नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, नजर जाऊ शकते.