कॅनडातल्या बोटींचा ‘बंद दरवाजा’: एका मेसेजला उत्तर

बोटीवर जाणाऱ्या पोरांच्या, आणि हल्ली त्यांच्या आईबाबांच्याही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: कॅनडाने ब्रिटिशांच्या वेळचा जुनाट कायदा धरून ठेवलाय, देशातल्या देशात माल न्यायला परदेशी बोटीला साफ बंदी आहे, बोट कॅनडातच बांधलेली लागते, मूठभर खलाशांच्या लाडापायी सगळा देश महाग खातो, कायदा उठला की आपल्या पोरांना हजारो नोकऱ्या. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी सेंट कॅथरिन्सला, ईरी आणि ओंटारिओ ही महातळी जोडणाऱ्या वेलंड कालव्यापासून सायकलच्या अंतरावर राहतो, म्हणून हा मेसेज मला चार जणांनी ‘खरं का रे?’ म्हणून पाठवला. चौघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहितो.

‘ब्रिटिशांच्या वेळचा कायदा.’ उलटं आहे. ब्रिटिश हिशेबात, १९३१ च्या करारानुसार, राष्ट्रकुलातल्या दुसऱ्या देशात नोंदलेली बोटसुद्धा कॅनडाच्या किनारी व्यापारात, म्हणजे देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायला, चालायची. ते दार लावलं १९९२ च्या कोस्टिंग ट्रेड अॅक्टने. कायदा माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या वयाचा आहे.

‘परदेशी बोटीला साफ बंदी.’ नाही. परवाना लागतो. कुणाला परदेशी टँकरने एका कॅनेडियन बंदरातून दुसऱ्या कॅनेडियन बंदरात तेल न्यायचं असेल, तर तो कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सीकडे अर्ज करतो. एजन्सी देशातल्या बोटवाल्यांना कळवते: या कामाला योग्य बोट तुमच्याकडे मोकळी आहे का? कुणी पुढे आलं नाही, किंवा आलेली बोट कामाची नाही असं ठरलं, की परदेशी बोटीला परवान्याची वाट मोकळी. तो एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो. शिवाय २०१७ पासून युरोपीय संघाबरोबरच्या सेटा या व्यापार करारामुळे काही दारं आणखी उघडली: रिकाम्या कंटेनरची हलवाहलव, गाळ काढण्याची काही कामं, हॅलिफॅक्स ते मॉन्ट्रियल फीडर (मोठ्या बोटीचा माल पुढे पोचवणारी) वाहतूक. याला बंदी म्हणायची तर पुण्यातल्या सोसायटीच्या गेटलाही बंदीच म्हणा. वॉचमन विचारतो, वहीत लिहितो, सोडतो.

‘बोट कॅनडातच बांधलेली हवी.’ इथे मेसेज लिहिणाऱ्याने शेजाऱ्याचं पाप कॅनडाच्या माथी मारलंय. ती अट अमेरिकेची, १९२० च्या जोन्स अॅक्टची. कॅनडात परदेशी बांधणीच्या बोटीवर २५ टक्के आयात शुल्क होतं. मोठ्या मालवाहू बोटी आणि टँकरवरचं ते २०१० मध्ये माफ झालं. नंतर काय झालं ते बघायला कालव्याच्या लॉक नंबर तीनच्या (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारा हौद) प्रेक्षक-गच्चीवर या. समोरून सरकणारी नवी कोरी ‘लेकर’ बहुतेक चीनमध्ये बांधलेली असते. (लेकर म्हणजे इथल्या महातळ्यांवर चालणारी लांबलचक बोट, लेकराशी संबंध नाही. तिला लेकरासारखं जपतात ही गोष्ट वेगळी.) लॉक साधारण २४.४ मीटर रुंद, बोट २३.८. म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभर फट. सव्वादोनशे मीटरचं लोखंड त्या फटीत, रंगाचा ओरखडा न उठवता, पावला-पावलाने आत येतं. डेकवरचा वॉकीटॉकीवाला माणूस अंतर सांगत असतो, तेव्हा गच्चीवरची पोरंसुद्धा गप्प होतात.

‘कायद्यामुळे सगळं महाग.’ यात तथ्याचा अंश आहे. कॅनडातला पगार, कॅनडातले नियम, कॅनडातला विमा, हे स्वस्त नसतंच, आणि माल पाठवणारे त्यावरून कुरकुर करतात ती खोटी नाही. पण मेसेजमध्ये उदाहरण दिलंय कॅनडाच्या उत्तर टोकाच्या बर्फाळ नुनावुत प्रदेशातल्या किराणा भावांचं, आणि ते साफ चुकलंय. नुनावुतच्या गावांना दक्षिणेकडून एकही रस्ता जात नाही. ताजी भाजी विमानाने येते. बाकी वर्षाचा माल, पिठापासून डिझेल आणि ट्रकपर्यंत, बर्फ वितळल्यावर जुलै ते ऑक्टोबरच्या खिडकीत बोटीने. बहुतेक गावांना धक्काच नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते, माल तराफ्यावर उतरतो, टग (ओढणारी छोटी बोट) तो तराफा भरतीच्या वेळेला किनाऱ्याच्या खडीवर आणून टेकवते आणि लोडर माल ओढून काढतो. ओहोटी लागली की काम थांबलं. पनामाचा झेंडा लावला, म्हणजे बोट स्वस्तात तिकडे नोंदली, म्हणून भरती जास्त वेळ थांबत नाही.

‘लाडावलेले खलाशी.’ सेल्फ-अनलोडर, म्हणजे आपला माल आपणच उतरवणाऱ्या, बोटीच्या पोटाखालच्या बोगद्यात मालाचा पट्टा धावतो. गोडरिचच्या खाणीतलं रस्त्यावर टाकायचं मीठ किंवा लोहखनिज त्यावरून वर जातं. पट्टा अडला की फावडं घेऊन माणूस आत. धूळ, आवाज, आणि सिझनच्या शेवटी डेकवर बर्फ फोडायचा. साधारण मार्चअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत कालवा चालू असतो, त्यात दिवाळी नाही नि शिमगा नाही. माणसं कमी पडतात हे खरंय.

आता नोकऱ्या. आपल्या पोरांची खरी दिशाभूल इथे होते.

परदेशी बोट कॅनडाच्या दोन बंदरांमध्ये धंदा करायला लागली, की तिच्या परदेशी क्रूला वर्क परमिट लागतं. कारण ते काम कॅनडाच्या नोकरबाजारातलं धरलं जातं. ही चाळणी सरकारनेच सैल सोडली होती. खलाशांची युनियन कोर्टात गेली, आणि २०१६ मध्ये सरकारला कबूल करावं लागलं, की मार्शल आयलंड्सचा झेंडा लावलेल्या ‘न्यू इंग्लंड’ टँकरवरच्या ११ जणांना चुकीने परमिटं दिली गेली.

तर कायदा उठला असं धरा. बोट मार्शल आयलंड्सची, मालक तिसरीकडचा, मॅनिंग एजंट (बोटीला माणसं पुरवणारा) अंधेरीचा, कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं आणि पगार एजंट सांगेल तो. ही नोकरी आपल्या पोरांकडे आजही आहे. त्यात कॅनडाचं फक्त बंदर असेल. ज्या कॅनेडियन पगाराच्या आशेने मेसेज पुढे ढकलला जातोय, तो पगार टिकलाय याच कायद्यामुळे.

हा नुसता तर्क नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी कॅनडाचा व्यापारी ताफा जगात चौथा मानला जायचा. सरकारी पार्क स्टीमशिप कंपनीच्या बोटी विकल्या गेल्या, खर्च वाचवायला झेंडे बदलले गेले, १९४९ चा खलाशांचा संप मोडला गेला. खोल समुद्रावर आज कॅनडाच्या झेंड्याची मालवाहू बोट शोधत बसावं लागतं. उरल्या त्या तळ्यांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या.

आणि गंमत म्हणजे मेसेज पाठवणारे चौघंही मुंबई-रत्नागिरीचे. मुंबईहून कोचीला माल न्यायला परदेशी बोटीला आपल्या डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारी जहाजवाहतूक खात्याचं, लायसन्स लागतं, हे १९५८ च्या कायद्यापासून आहे. २०१८ मध्ये काही मालापुरती सूट मिळाली, २०२५ मध्ये नवा किनारी वाहतुकीचा कायदा आला, लायसन्स राहिलंच. २०१८ च्या एका जागतिक पाहणीत असे नियम असलेले ९१ देश निघाले होते.

चौघांपैकी एकाने, आमच्या मावसभावाने, विचारलं, ‘मग दादा, तिकडे लागायचं तरी कसं?’ त्याला सांगितलं ते असं: आधी पीआर (कायम वास्तव्याचा परवाना), मग ट्रान्सपोर्ट कॅनडाचं प्रमाणपत्र. नुसती आपली सीओसी (भारतातलं बोटीवरच्या पात्रतेचं प्रमाणपत्र) दाखवून लेकरवर चढता येत नाही. आणि प्रत्येक साइन ऑफला, म्हणजे बोट सोडताना, सी-सर्व्हिसचं पत्र (बोटीवर किती काम केलं याचा दाखला), बोटीचं टनेज आणि इंजिनची पॉवर लिहून, कॅप्टनच्या सही-शिक्क्याने हातात घे. एजंटकडे मागत बसू नकोस.