"काय फरक पडतो?" म्हणणाऱ्यांसाठी

आज जीटीए ६ या व्हिडिओ गेमची नायिका लुसिया, तिच्या फोटोखाली पुन्हा तेच. एक म्हणतो, बाई जबरदस्तीने घुसवली. त्याखाली दुसरा शहाणा: "हिरो बाई असो की पुरुष, काय फरक पडतो? गेमप्ले बघा." पहिल्याला सोडून द्या, मला चीड येते ती या दुसऱ्याची. जीटीए ५ मध्ये तीन हिरो होते, तिन्ही पुरुष. तेव्हा कुठे गेलं होतं हे तत्त्वज्ञान?

गेमप्लेत, म्हणजे प्रत्यक्ष खेळण्यात, आता फरक नसतोच, कोण नाही म्हणतंय? २००२ च्या मॉरोविंड या गेममध्ये बाई निवडली की पात्राचे सुरुवातीचे गुण बदलायचे, त्याच मालिकेतल्या पुढच्या स्कायरिममध्ये ते गेलं. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये जेट ही बाई घ्या नाहीतर ब्रीच हा पुरुष, हिटबॉक्स (गोळी लागते तो अंगाचा भाग) सारखाच.

मग येतं खर्चाचं रडगाणं. २०१४ ला युबिसॉफ्ट या गेम कंपनीकडून सांगण्यात आलं, असॅसिन्स क्रीड युनिटीच्या को-ऑपमध्ये (मित्रांसोबत मिळून खेळायच्या भागात) बाई नाही, काम दुप्पट होईल. असॅसिन्स क्रीड ३ चं अ‍ॅनिमेशन सांभाळलेल्या जोनाथन कूपरने ट्विटरवर लिहिलं: एक-दोन दिवसांचं काम.

रिग, म्हणजे पात्राला हलवणारा डिजिटल सांगाडा, हाताळलेल्या कुणालाही हे पटेल. सांगाडा तोच, हाडांची नावं तीच, पुरुषाच्या हालचालींच्या क्लिप बाईच्या अंगावर रीटार्गेट करायच्या, म्हणजे बसवायच्या. बिघडतं ते ठरलेल्या जागी. खांदे अरुंद झाले की दोन हाती शस्त्रावरून डावा हात सुटतो. तिथे आयके (पंजा कुठे हवा ते सांगितलं की कोपर-खांदा आपोआप वळवणारं तंत्र) लावून पंजा मुठीला खिळवायचा. पाय आखूड झाले की पावलं घसरतात, कारण ढांग छोटी पडते आणि शरीर जुन्याच वेगाने पुढे सरकतं. वेग तोच ठेवायचा तर क्लिप थोडी जलद चालवायची. कोपर कमरेत घुसतं, वरून अ‍ॅडिटिव्ह लेयर (मूळ हालचालीवर चढवलेला छोटा बदल) टाकून हात बाहेर काढायचे. उभं राहणं, चालणं, धावणं तेवढं नव्याने करा. बाकी हाणामारीत हूडमधल्या माणसाची कंबर कोण बघतंय!

बरं, कपडे आणि आवाजाचा खर्च खरा आहे. प्रत्येक पोशाख नव्या अंगावर बसवून वेट्स (कापडाचा कुठला भाग कुठल्या हाडाबरोबर किती हलेल ते) परत रंगवाव्या लागतात. मास इफेक्ट या गेममध्ये शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष किंवा बाई निवडता येतं, म्हणून त्यासाठी मार्क मीर आणि जेनिफर हेल असे दोन आवाज रेकॉर्ड करावे लागले. मान्य. पण युनिटीत ज्याला-त्याला स्वतः आर्नो हा हिरोच दिसत होता. प्रश्न होता फक्त सोबत्यांच्या रूपाचा!

चारच वर्षांनी त्याच कंपनीने असॅसिन्स क्रीड ऑडिसीत कसांड्रा ही बाई आणि अलेक्सिऑस हा पुरुष असे दोघंही हिरो दिले. अडलं काही? २०२० मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने छापलं की टीमला एकटी कसांड्राच हवी होती, पण वरून सूर असा की बाई हिरो खपत नाही. म्हणजे युनिटीच्या वेळचं ते "दुप्पट काम" किती खरं, तुम्हीच ठरवा.

फरक पडतो तो गोष्टीत. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा गेम घ्या. राखीच्या दिवशी राक्षस धाकट्या गोलूला पळवतात आणि सर्कशीतली बहीण त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. तिच्या जागी मुलगा ठेवा: भिंतीवर धावणं, खांबाला गिरकी घेणं, सगळं चालेल, फक्त राखीला काही अर्थ उरणार नाही. उलटही खरंच, 'गॉड ऑफ वॉर' गेममधल्या क्रेटोस या हिरोला बाई करा असं कुणी म्हणत नाहीये.

गेम बनवणारं कुणी वाचत असेल तर एक सोपी गोष्ट. दोन पर्याय देत असाल तर निवडीच्या स्क्रीनवर कर्सर आधीच पुरुषावर ठेवू नका. दर नव्या गेमला रँडम करा. बरेच जण समोर दिसेल ते घेऊन पुढे जातात, आणि मग त्याच आकड्यांवरून ठरतं की बाई कुणाला नको होती.