खुलासा : कंबर लचकली तर आठ दिवस झोपून राहू नका

‘पावसाचा गाळ उपसताना कंबर लचकली तर पट्टा बांधून आठ दिवस सक्त आराम’ हा मेसेज दादर-परळच्या सोसायट्यांत फिरतोय. हेतू चांगला, सल्ला चुकीचा. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेची २०१७ची मार्गदर्शिका उलट सांगते : झेपेल तेवढं हिंडत-फिरत राहा, शेक घ्या. साधी लचक बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मात्र मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर तडक हॉस्पिटल गाठा.

ओला गाळ दिसतो त्याहून जड. फावडं अर्धंच भरा, घमेलं दोघांनी उचला, फेकताना कंबर पिळू नका, पाय वळवा. आणि गमबूट घालाच, उंदरांच्या लघवीमुळे गाळातून होणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका आहे. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. ग्रुपवर असेल तर खाली हे टाका.