मिल्ट्रीची बाटली आणि चार माड

१७ वर्षे पायदळात काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्रातल्या दोन पदव्या घेतल्या, तिसऱ्या प्रयत्नात प्राध्यापकीसाठीची सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालो आणि आता दापोलीजवळच्या एका महाविद्यालयात मुलांना पैसा आणि बँकिंग हा विषय शिकवतो. एवढ्या सगळ्या खटाटोपातून गावाच्या लक्षात एकच गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे माझ्याकडे लष्करी कॅन्टीनचे कार्ड आहे.

गावात मला मेजर म्हणतात. हवालदार आणि मेजर यांच्यात जेवढे अंतर असते तेवढे दापोली आणि दिल्ली यांच्यातही नसेल, म्हणून सुरुवातीला मी ही चूक दुरुस्त करत असे. पण तो माझा विनय समजला जाऊन लोकांचा आदर आणखीच वाढू लागला, तेव्हा मी नाद सोडला. मुलाच्या गुणांचे काम असले की मी 'सर' असतो, बाटलीचे असले की 'मेजर', आणि दोन्ही कामे एकाच फेरीत उरकायची असली की 'मेजरसर'.

सैनिकांना आणि निवृत्तांना सवलतीत माल पुरवणारे कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ पासून आहे. तिथे साबणापासून फ्रीजपर्यंत सगळे मिळते, पण गावातल्या कोणीही माझ्याकडे आजवर साबण मागितलेला नाही. मद्याचा महिन्याचा कोटा हुद्द्याप्रमाणे ठरलेला असतो आणि तो विकायला मनाई असते, हे सांगितले की समोरचा माणूस दुखावल्या आवाजात म्हणतो, "विकत कोण मागतोय, मेजर?" बाजारभावापेक्षा खाली किंमत बांधली की मागणी पुरवठ्याला मागे टाकते आणि रांग लागते, हे मी फळ्यावर दोन रेषा काढून समजावतो, वर्गात ते फारसे कोणाला पटत नाही, घरी मात्र ती रांग माझ्या पडवीत बसून चहा पीत असते. शिमग्यात पालखी नाचवून थकलेल्यांची, गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची आणि मे महिन्यात जावयांची, अशी तिची हंगामवारी आहे.

यात माझा मोठा अपराध असा, की मी स्वतः पीत नाही. पिणारा असतो तर "मलाच पुरत नाही" एवढ्यावर सुटलो असतो. आता "तुमचा कोटा फुकट जातो हो" या वाक्यात असा काही कळवळा असतो, की मी दर महिन्याला भरल्या ताटाला लाथ मारून उठतो आहे असे मलाही वाटू लागते.

आर. ए. रॅडफर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जे पाहिले, त्यावर १९४५ साली 'इकॉनॉमिका' या नियतकालिकात एक लेख लिहिला. लष्कर आणि अर्थशास्त्र एकाच पानावर भेटण्याचे योग विरळा, म्हणून तो मी दरवर्षी हौसेने शिकवतो. छावणीत सिगारेट हेच चलन झाले होते. न ओढणारा आपला वाटा देऊन चॉकलेट घेई, रेड क्रॉसच्या सिगारेटी आल्या की वस्तूंचे भाव चढत, आणि हाताने वळलेली सिगारेट मात्र घेणारा आधी निरखून पाही व बारीक असली तर परत करी. मुले हे ऐकून हसतात. त्यांच्याच गावात पंप बसवणे, कौले परतणे आणि वायरिंग यांचे भाव कशात मोजले जातात हे त्यांना ठाऊक असते, पण ते परीक्षेत येत नाही.

तसे या गावाला लष्कर आणि अर्थशास्त्राचे नाते नवे नाही. इंग्रजांच्या छावणीमुळे हे 'कॅम्प दापोली' झाले, निवृत्त शिपाई येथे वस्तीला आले, आणि त्यांच्यातले एक सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलाने पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. बाबासाहेबांनी रुपयाची चिकित्सा केली. माझ्या वाट्याला बाटलीची आली आहे.

या वर्षी मृगाच्या आधी चार माडांचे नारळ उतरवायचे होते. त्यातला एक माड शेजाऱ्यांच्या कौलांवर ओणवा झाला आहे. पाडेली सकाळी आला, पायाला दोरी लावली, बघता बघता नेमका त्याच माडाच्या शेंड्यावर पोहोचला, एक पाय झावळीच्या बेचक्यात रोवला, कोयता नारळांच्या पेंडीच्या देठावर टेकवला आणि मग खाली पाहून विचारले, "मेजर, मिल्ट्रीची हाय ना?"

मी म्हणालो, की आपले माडामागे शंभर रुपये ठरले आहेत. त्याने कोयता काढून कमरेला अडकवला आणि तो हर्णैच्या दिशेने समुद्र पाहू लागला. करार झाल्यावर एक बाजू दुसरीला कशी कोंडीत पकडते, याचा विचार करणारे ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. पण त्यांच्या कोंडीत सुटायला तयार असलेली पेंड आणि खाली शेजाऱ्यांची कौले नसावीत. शेजारी अंगणात येऊन उभे राहिले. माझी पत्नीही मागीलदारातून आली आणि सैन्यात १७ वर्षे राहिलेल्या माणसाकडे पाहावे तसे मुळीच न पाहता म्हणाली, "द्या काय ते."

मी तत्त्व सोडले नाही. शेवटी शेजाऱ्यांनीच मध्यस्थी केली, पेंड दोरीने सावकाश खाली आली, आणि तासाभरात चारही माड मोकळे झाले. पाडेली उतरून घाम पुसू लागला तेव्हा त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ मला दिसली. मी विचारले, "तू माळकरी, तुला बाटली कशाला रे?"

"मला नको ओ," तो जरा रागावूनच म्हणाला, "मोटार बिघडलीय विहिरीवरची. मोटारवाला पैशाला येत नाय."

न ओढणाऱ्याने सिगारेट का घ्यावी, हे समजावायला मला वर्गात पाऊण तास लागतो. मी मुकाट्याने पाचशेची नोट पुढे केली. त्याने ती उन्हाकडे धरली, उलटून पाहिली, गांधीजींवरून अंगठा फिरवला आणि मला परत देत म्हणाला, "सुट्टे नाय, मेजर."