पार्किंगमध्ये मोजलेली शांतता

काल सकाळी साडेअकरा वाजता महामार्गाच्या कामावरचे दोन गृहस्थ ध्वनिमापक यंत्र घेऊन आमच्या पुण्यातल्या बावधनच्या सोसायटीत आले, थेट पार्किंगमध्ये शिरले, नव्या ध्वनिरोधक भिंतीला जवळजवळ चिकटून उभ्या असलेल्या एका मोटारीच्या आडोशाला त्यांनी ते यंत्र धरले आणि पुरती पाच मिनिटेही न थांबता 'समाधानकारक' असा शेरा लिहून कागद सहीसाठी सेक्रेटरींपुढे सरकवला. मी सहाव्या मजल्यावर राहतो. पार्किंगमध्ये कोणी झोपत नाही की कोणाचे मूल दहावीचा अभ्यास करत नाही, तेव्हा तिथल्या शांततेचा लाभ दोन बंद पडलेल्या स्कूटर आणि एक मांजर यांनाच काय तो होत असावा. वर येऊन मोजा, असे मी म्हणालो, तर त्यांच्यातले थोरले म्हणाले, "काका, फॉर्ममध्ये मजल्याचा रकानाच नाहीये." मला काका म्हणावे इतके त्यांचे स्वतःचे केस काही काळे नव्हते. मग निदान रात्री तरी या, म्हटले, तर रात्रीची ड्यूटी नसते असे उत्तर आले.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून अस्तित्वात आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल, ही मर्यादा त्यांत स्वच्छ लिहिलेली आहे. म्हणजे पाळायला जी मर्यादा अवघड, ती ज्या वेळेला लागू होते, नेमक्या त्याच वेळी यांची ड्यूटी नसते! 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर आमच्या शेजारच्या चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडायचा होता, तेव्हा मात्र झाडून सगळी यंत्रणा टक्क जागी होती. आवाज करायचा असेल तर रात्रपाळी, मोजायचा असेल तर कार्यालयीन वेळ, असा एकूण शिरस्ता दिसतो.

मुळात अशी भिंत उपयोगी पडायची तर टायर आणि इंजिन ऐकणाऱ्याच्या दृष्टीआड व्हावे लागतात. माझ्या गॅलरीतून मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या सगळ्या मार्गिका अशा उघड्या दिसतात की कोणता कंटेनर कोणत्या राज्याचा, हेही सांगता यावे. आमच्या मजल्यांना या भिंतीचा उपयोग शून्य. खालच्यांना तो व्हावा, तर दोन खांबांच्या मधल्या पत्र्यांत हात जाईल एवढी फट सोडली आहे, आणि जाहिरातीच्या मोठ्या फलकापाशी तर भिंतच संपते, ती पुढे बऱ्याच अंतरावर पुन्हा सुरू होते. तो फलक झाकला जाऊ नये म्हणूनच ही मोकळी जागा ठेवली, असा माझा संशय आहे आणि तो मी सोडणार नाही. एक पत्रा बोल्टांऐवजी बाइंडिंग वायरने बांधलेला आहे. अवजड गाडी गेली की तो थडथडतो. आवाज अडवायला बसवलेली वस्तू स्वतः आवाज करते, आणि पलीकडच्या बाजूचे रहिवासी म्हणतात की सपाट पत्र्यावर आपटून परतलेला आमच्या वाटणीचा आवाजही आता त्यांच्याच घरात येतो.

ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला राज्यात 2015 साली बंदी आली, पण पाठ वाचून हॉर्न वाजवणारा चालक मी आजवर पाहिलेला नाही, तो मनाच्या उर्मीनेच वाजवतो. कर्णकर्कश हॉर्नना मोटार वाहन नियमांत मनाई आहे, आणि पहाटे तीन वाजता सेवा रस्त्यावर सनईपासून कुत्र्याच्या भुंकण्यापर्यंत सर्व स्वर ऐकू येतात. रिव्हर्स घेताना गाणे म्हणणाऱ्या मोटारींविषयी, आणि आमच्याच सोसायटीतील ज्या सद्गृहस्थांची अशी मोटार आहे त्यांच्याविषयी, मी लेखी काही मांडू नये असे घरातून बजावण्यात आले आहे.

हा सगळा संताप मी काल रात्री गॅलरीत उभा राहून व्यक्त करत असताना मोबाइलवर डेसिबल मोजणारे अ‍ॅप सुरू होते. त्या रात्रीचा सर्वोच्च आकडा माझ्या आवाजाचा निघाला. खालच्या मजल्यावरून "काका, जरा हळू" अशी सूचना आली, म्हणजे दिवसभरात दुसऱ्यांदा काका.

"हायवे आधी होता, तुम्ही नंतर आलात," असे ऐकवणारे नातेवाईक कोथरूडच्या आतल्या गल्लीत राहतात आणि कोपऱ्यावरच्या गणेश मंडळाच्या ढोलाचा सराव सुरू झाला की तेच सर्वांत आधी पोलिसांना फोन करतात, म्हणून त्यांना उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. सेक्रेटरींनी सही केलेली नाही, एवढे मात्र मानले पाहिजे. कागद परत न्यायला ते गृहस्थ येतील तेव्हा त्यांनी रात्री दोन वाजता, यंत्रासह, सहाव्या मजल्यावर यावे. लिफ्ट चालू असते. चहाची अपेक्षा ठेवू नये.