तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर: सराईचं दार, गॅलरी आणि तो हवेतला कोपरा

नमस्कार,

टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी मी फोमची जी छोटी सराई बांधली, तिच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि मग टेबलावरची सराई उचलून खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं तुमचं लिहिणं नाही, म्हणून हे सविस्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही गेली कित्येक वर्षं रेल्वेची मॉडेल्स करता आणि प्रमाणाच्या बाबतीत काटेकोर आहात. तुमच्या मते सगळं प्रमाण दिवाळीच्या किल्ल्यासारखं बिघडलंय: सराईचं दार माणसाच्या मानाने अवाढव्य आहे आणि पहिला मजला फार वर गेलाय. माडीबाहेरची गॅलरी 'गिरगावातल्या चाळीसारखी' दिसते, ती जुन्या युरोपातल्या धर्तीच्या सराईला शोभत नाही. लाकडी चौकट नुसती चिकटवल्यासारखी वाटते आणि उजवा कोपरा हवेत लटकतोय. धुराडं नको इतकं जाड आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं थ्रीडी प्रिंटवर सहज निघत असताना महिनाभर फोम कापत का बसायचं.

कोपऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण त्या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

माझ्या सराईची माडी खालच्या भिंतीपेक्षा 10 मिलिमीटर पुढे आली आहे. 28 मिलिमीटरच्या फिगरसाठी, म्हणजे खेळातल्या छोट्या माणसासाठी, 1:56 हे प्रमाण धरलं, तर ते जवळजवळ दोन फूट होतं. अशी पुढे आलेली माडी इंग्लंड-जर्मनीतल्या जुन्या लाकडी घरांत सर्रास दिसते, आणि ती कड्यांच्या जोरावर उभी असते. आपल्या वाड्यांत कडीपाटाचं छत असतं ना, तशाच कड्या तिथेही भिंतीवर आडव्या टाकतात. फक्त त्या भिंतीपाशी थांबत नाहीत, बाहेर डोकावतात, आणि बाहेर आलेल्या टोकांवर माडीच्या भिंतीची तुळई बसते. पण कड्या जातात एकाच दिशेने. माडी शेजारच्या बाजूलाही पुढे काढायची झाली तर त्या भिंतीला कड्या समांतर पडतात, टोकं बाहेर येणार कुठून? म्हणून जुने सुतार घराच्या आतून थेट कोपऱ्याकडे एक दणकट तुळई तिरपी टाकत आणि दोन्ही बाजूंच्या आखूड कड्या तिच्यात अडकवत. इंग्लंडात तिला ड्रॅगन बीम म्हणतात. तिच्याखालचा कोपऱ्याचा खांब डोक्याकडे रुंद होत जातो. त्यासाठी झाडाचं खोड उलटं उभं करायचे, म्हणजे बुंध्याची जाडी वर येते, नेमकी ओझं टेकतं तिथे.

माझी माडी दोन बाजूंना पुढे होती, कड्यांची टोकंही दोन्ही बाजूंना होती, आणि तिरपी तुळई नव्हतीच. मी जुन्या घरांचे फोटो पाहून पट्ट्या लावल्या होत्या. ओझं कुठून कुठे उतरतं हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. एक्सपीएस, म्हणजे थर्मोकोलच्याच जातीचा घट्ट फोम, आपला आपण उभा राहतो. वरचं लाकूड खोटं असलं तरी काही कोसळत नाही, त्यामुळे अशी चूक दिसतच नाही. तुम्हाला ती फोटोत दिसली.

या शनिवारी तो कोपरा उखडला. आइस्क्रीमच्या काड्यांच्या पट्ट्या सर्जिकल ब्लेडने अलगद सोडवल्या, माडीखाली फोममध्ये तिरपी खाच कापली आणि 6 मिलिमीटर बाल्साची तुळई बसवली. आखूड कड्या नव्याने मोजून लावल्या. कोपऱ्याचा खांब आता वर रुंद आहे. त्याच ओघात बाकीच्या भिंतीही तपासल्या आणि उगाच लावलेल्या सहा फुल्या काढून टाकल्या. तिरपा टेकू चौकट कलू नये म्हणून असतो. तो उभ्या खांबापासून आडव्या तुळईपर्यंत पोचला पाहिजे, मधेच कुठेतरी संपून चालत नाही. चौकटींमधली जागा म्हणजे आपल्या कोकणातली कुडाचीच भिंत, काड्यांचा विणलेला सांगाडा आणि वर मातीचा गिलावा. म्हणून एका चौकटीतला गिलावा पडलेला दाखवून आत काथ्याच्या दोऱ्याचा कूड विणलाय. हे आधीच सुचायला हवं होतं, आमच्या आजोळच्या गोठ्याला तशीच भिंत होती. लाकडाचा डांबरासारखा काळा रंगही बदलला. काळं लाकूड आणि पांढरीशुभ्र भिंत ही आवड मुख्यतः व्हिक्टोरियन काळात फोफावली. त्याआधी ओकचं लाकूड पुष्कळदा तसंच उघडं सोडत आणि ते ऊनपावसाने राखाडी होई. आता वरून राखाडीचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फिरवलेला रंग, आहे.

गॅलरीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला, सदर्कला, जॉर्ज इन नावाची सराई आहे. 1676 च्या आगीत जुनी इमारत गेली आणि 1677 मध्ये ती पुन्हा बांधली. अंगणाकडे तोंड करून एकावर एक लाकडी गॅलऱ्या आणि त्यांत ओळीने उघडणारी खोल्यांची दारं, असं तिचं रूप आहे. लंडनमधली गॅलऱ्यांची ही एकच जुनी सराई उरली आहे आणि आज ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिच्याही दोन बाजू 19 व्या शतकात रेल्वे कंपनीने पाडल्या, एकच बाजू राहिली. ग्लॉस्टरमधली न्यू इन याहून जुनी, 1450 च्या आसपासची. तिथल्या मठाने ती यात्रेकरूंसाठी बांधली, आणि तिच्या अंगणाभोवतीच्या गॅलऱ्या अजून आहेत. तेव्हा सराईला बाहेरून गॅलरी हे माझ्या मनचं नाही.

आणि तुम्हाला चाळ आठवली ती उगाच नाही. पुष्कळ खोल्या एका ओळीत मांडायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र दार द्यायचं, जिना एकच ठेवायचा आणि आतल्या बोळात जागा घालवायची नाही, ही गरज सदर्कच्या सराईवाल्याचीही होती आणि गिरगावात चाळ बांधणाऱ्याचीही. गरज एक, म्हणून रूपही जवळचं. मला ते साम्य फार आवडलं.

खेळाच्या दृष्टीने तर गॅलरी हा या इमारतीचा प्राण आहे. फिगर आतल्या खोलीत गेली की तिला हलवायला छप्पर काढावं लागतं, डाव थांबतो, शेजारची झाडं कलंडतात. गॅलरीत उभी असलेली फिगर दोन्ही खेळाडूंना दिसते, हाताला लागते, आणि कठड्याआडून बाण मारणाऱ्याला आडोसा मिळतो. गॅलरी 32 मिलिमीटर रुंद ठेवली, कारण फिगरचा गोल बेस, म्हणजे पायाखालची चकती, 25 मिलिमीटरचा आहे आणि मागे बोट घालायला जागा लागते. 1:56 ने ती जेमतेम सहा फूट होते, डोळ्याला खटकत नाही.

दाराचं प्रकरण इथूनच सुरू होतं. तुमच्या रेल्वे मॉडेलच्या एचओ गेजमध्ये, म्हणजे 1:87 प्रमाणात, फलाटावरचा माणूस एकदा चिकटवला की जागचा हलत नाही. त्याच्या मागचं दार खऱ्या दाराच्या 87 व्या हिश्शाचं असलंच पाहिजे, मीही तिथे तेच केलं असतं. टेबलावरच्या लढाईत मात्र फिगर त्या दारातून जाते. खरं साडेसहा फुटी दार 1:56 ने साधारण 35 मिलिमीटर उंच होतं आणि तीन फुटी रुंदी 16 मिलिमीटर. आता फिगर घ्या: 3 मिलिमीटर जाडीचा बेस, त्यावर शिरस्त्राणासह 32 मिलिमीटरचा माणूस, आणि बहुतेकांची तलवार नाहीतर भाला डोक्यावर. तो 35 च्या दारात अडकतो. 16 च्या रुंदीत 25 चा बेस जाणं तर शक्यच नाही, कारण तो बेस प्रमाणाने साडेचार फुटांहून रुंद आहे. म्हणून माझं दार 42 उंच आणि 28 रुंद.

ते अवाढव्य वाटू नये याची सोय मात्र कमी पडली, हे मान्य. आता तिथे दोन झडपांचं दार केलंय, एक बंद आणि एक बिजागरीवर उघडणारं. गाडीतळाच्या सराईला दोन झडपा शोभतात, आणि फिगर जाताना बंद झडप काढून बाजूला ठेवता येते. दिवाळीच्या किल्ल्याचं उदाहरण तुम्ही दोष म्हणून दिलंत. मी लहानपणी जे किल्ले केले त्यांत बुरुजाएवढा मावळा उभा असायचा आणि तरी तो किल्ला खराच वाटायचा, कारण वाट पायथ्यापासून दरवाजापर्यंत नीट जात होती. मी आजही आधी वाट बघते, मग मोजपट्टी काढते.

मजल्याची उंची 3 इंच आहे, त्यालाही कारण आहे. आम्ही फ्रॉस्टग्रेव्ह खेळतो, जादूगारांच्या टोळ्यांचा टेबलावरचा खेळ, 2015 मध्ये ऑस्प्रे प्रकाशनाने काढलेला. जादूगराला तळ म्हणून निवडता येणाऱ्या जागांत तिथे सराई आहे, म्हणून तर ही बांधायला घेतली. त्यात चढायला दुप्पट चाल लागते. बहुतेकांची चाल 6 इंच, म्हणजे 3 इंचांची भिंत चढण्यात अख्खी चाल जाते आणि गडी वर पोचतो तो दमून, उघड्यावर. मजला 2 इंचांचा केला तर तो वर चढून आणखी 2 इंच पुढे सरकतो, आणि जिना कोणी वापरतच नाही. उंची डोळ्याला कमी वाटावी म्हणून खाली 15 मिलिमीटरचं दगडी जोतं काढलंय. ते तुमच्या नजरेला पुरलं नाही. भिंतीच्या मधोमध आडवी तुळई दिली तर फरक पडेल असं वाटतं.

थ्रीडी प्रिंटला माझा विरोध नाही. पिंपं, कंदील, दारावरची पाटी प्रिंटच केलेली आहे. पण प्रिंट केली असती तर कोपऱ्यातली तिरपी तुळई फाइलमध्ये आपोआप आली असती आणि ती तिथे का आहे हे मला कधीच कळलं नसतं. शिवाय फोमची सराई एका हाताने उचलून मित्राकडे नेता येते आणि पडली तर फेविकॉलने जोडता येते. नव्याने करणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की फोमवर थेट स्प्रे रंग मारू नका, त्यातलं द्रावक फोम खातं. माझी पहिली भिंत तशीच विरघळली होती. आधी फेविकॉल आणि काळ्या अ‍ॅक्रिलिकचा जाड थर द्या.

राहिलं धुराडं. छप्पर गवताचं आहे, म्हणजे काथ्याचं. ते उचलताना बोटं काथ्यात रुतायची आणि दर खेळाला झुपके गळायचे. म्हणून धुराड्यात बांबूची काडी घालून ती आढ्यापर्यंत नेली आणि आता छप्पर धुराड्याला धरूनच उचलते. ते जाड आहे ते त्यामुळे. पण तुमच्या वाक्यामुळे दुसरी गोष्ट लक्षात आली: ते बुटकं होतं. गवताच्या छपराला लागून ठिणग्या सोडणारं धुराडं कुठला सराईवाला ठेवील? लंडनने तर 1212 च्या आगीनंतर गवती छपरांनाच बंदी घातली होती. तेव्हा रविवारी आणखी 20 मिलिमीटर चढवले, विटा कोरल्या, तोंडाशी काजळी दिली. आता ते चिमटीऐवजी मुठीत येतं, आणि छप्पर सरळ वर निघतं.